गेंडा कोणी पाहिला?

मसऊदीला गेंड्याविषयी एक शंका होती.

त्याच्या आधी पाऊणशे वर्षं बसऱ्यात जाहिज नावाचा लेखक होऊन गेला. अरबी गद्यात त्याच्या तोडीची माणसं बोटांवर मोजण्याइतकीच. त्याचा ‘किताब-उल-हैवान’ सात खंडांचा आहे आणि त्यात किडामुंगीपासून हत्तीपर्यंत सगळ्यांची हजेरी लागते. या ग्रंथात गेंड्याच्या मादीबद्दल एक अजब मजकूर आहे. ती म्हणे सात वर्षं गाभण असते. पोटातलं पिल्लू मधूनमधून डोकं बाहेर काढतं, आजूबाजूचा पाला खातं आणि पोट भरलं की पुन्हा आत जातं.

मसऊदी दहाव्या शतकातला, बगदादचा, आयुष्याचा मोठा भाग प्रवासात घालवलेला. ‘मुरूज-उज-जहब’ या आपल्या ग्रंथात तो सांगतो की, या गोष्टीची मी चौकशी केली. सिराफ आणि ओमानच्या ज्या लोकांचं हिंदला जाणंयेणं होतं त्यांना विचारलं, हिंदमध्ये भेटलेल्या व्यापाऱ्यांना विचारलं. सगळे चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले. गेंड्याची मादी गाय-म्हशीसारखीच गाभण राहते आणि तशीच विते, असं सगळ्यांचं एकच उत्तर. जाहिजने हे कुठून आणलं, कुठे वाचलं की कोणाकडून ऐकलं, ते मला कळत नाही, एवढं लिहून तो पुढे जातो. (खरं तर गेंड्याची मादी सुमारे सोळा महिने गाभण असते. पण सात वर्षांच्या मानाने व्यापारी अगदीच खरे निघाले.)

हा शेवटचा प्रश्न हदीसचे चार धडे गिरवलेल्या कोणाच्याही लगेच लक्षात येईल. आधी सनद, मग मतन. सांगितलं कोणी, त्याने कोणाकडून ऐकलं, तो स्वतः तिथे होता का? माणसांच्या बोलण्याला लावायची ही कसोटी मसऊदी गेंड्याच्या गोष्टीला लावत होता.

आज जगभर रानातले सस्तन प्राणी पाहत हिंडणाऱ्यांचा एक पंथच तयार झाला आहे. पक्षीनिरीक्षक आपल्या ओळखीचे असतात, हे लोक तितकेसे नाहीत. कोणी हिमबिबट्यासाठी लडाखच्या थंडीत दहा-दहा दिवस काढतो, कोणी इथिओपियाच्या पठारावर तिथला लांडगा शोधतो, कोणी बोर्निओच्या जंगलात रात्रभर बॅटरी घेऊन झाडांच्या शेंड्यांकडे बघत बसतो. पृथ्वीवर सस्तन प्राण्यांच्या सहा हजारांहून जास्त जाती आहेत, आणि त्यातल्या बहुतेक रात्री हिंडणाऱ्या, लाजऱ्या आणि आवाज न करणाऱ्या. पाहिलेल्या जातींची यादी ठेवायची ही या लोकांची रीत, आणि त्या यादीत पावलांचे ठसे चालत नाहीत, गाइडने सांगितलेलं चालत नाही. आपण पाहिलं तर पाहिलं. या छंदाचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा युरोपातल्या शिकाऱ्यांपासून आणि निसर्ग-अभ्यासकांपासून होते. मला ती सुरुवात फार उशिराची वाटते.

मसऊदी आपल्या कोकणातही आला होता. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६च्या सुमारास, तो सैमूरला होता. सैमूर म्हणजे आपलं रायगड जिल्ह्यातलं चौल. त्या वेळी उत्तर कोकणावर शिलाहार राजा झंझ राज्य करत होता, आणि चौलमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात अशी मसऊदीची नोंद आहे: सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून येऊन स्थायिक झालेले आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलंबाळं. माझं आजोळ रेवदंड्याचं, चौलला लागूनच. त्यामुळे गेंड्याच्या बाळंतपणाच्या प्रश्नावर चकित झालेल्या त्या व्यापाऱ्यांत एखादा चौलचा असावा असं मला उगाच वाटत राहतं.

त्याच सुमारास तो झंजच्या समुद्रावरही होता, म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. चीनचा, रूमचा, खजरांचा, कुलजुमचा असे बरेच समुद्र मी पाहिले, पण याहून धोक्याचा एकही नाही, असं तो सांगतो. त्या समुद्रात त्याने देवमाशांचं वर्णन केलं आहे. पाण्यावर जहाजाच्या शिडासारखा उभा राहिलेला पर, आणि बाण जाईल त्याहून उंच उडणारं पाण्याचं कारंजं. जहाजावरचे लोक त्याला दूर ठेवण्यासाठी रात्रंदिवस लाकडं बडवत. लांबी मात्र तो चारशे-पाचशे हात सांगतो. आज माहीत असलेला सर्वांत मोठा देवमासा पासष्ट-सत्तर हातांच्या पुढे जात नाही. भीतीचा गज नेहमीच्या गजापेक्षा आखूड असतो, दुसरं काय.

झंजच्या हत्तींबद्दल त्याने लिहिलं आहे ते मात्र वाचवत नाही. तिथे हत्ती अगणित, पण माणसाळवलेला एकही नाही. शिकारी एका झाडाची पानं आणि साल पाण्यात टाकून दबा धरून बसतात. पाणी प्यायलेला हत्ती कोसळला की भाल्यांनी त्याला मारतात, दातांसाठी. ते दात ओमानला जातात आणि तिथून हिंदला आणि चीनला. चीनमध्ये त्यांच्या पालख्या होतात, हिंदमध्ये कट्यारींच्या मुठी आणि बुद्धिबळातली प्यादी. मसऊदीला यात व्यापार दिसतो. हत्ती संपेल असं त्याच्या मनातही येत नाही.

याच मसऊदीने गेंड्याच्या पायांना सांधे नसतात, तो बसू शकत नाही, झाडाला टेकून झोपतो, असंही लिहून ठेवलं आहे. म्हणजे एक गोष्ट तपासली आणि दुसरी तशीच गिळली. चिखलात आरामात लोळणारा गेंडा ज्याने पाहिला आहे त्याला हसू येईल. पण तपासणाऱ्या माणसाचंही असंच होतं. तो सगळंच तपासत नाही.

शंभर वर्षांनी अल्बेरुनी आला. १०३०च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्याच्या हिंदवरच्या ग्रंथात गेंड्यावर थोडाच मजकूर आहे, पण प्रत्येक ओळीमागे डोळे आहेत. गंगेच्या आसपास हा प्राणी भरपूर. बांधा म्हशीसारखा, कातडी काळी आणि खवल्यांची, गळ्याखाली लोंबती पोळी. प्रत्येक पायाला तीन पिवळे खूर, मोठा पुढे आणि दोन बाजूंना. डोळे इतर कुठल्याही प्राण्यापेक्षा खाली, गालाकडे सरकलेले. नाकावर एकच शिंग, वर वळलेलं. गेंड्याच्या पिल्लाने हत्तीच्या पुढच्या पायाला शिंगाने जखम करून त्याला तोंडावर पाडलेलं मी स्वतः पाहिलं, असंही तो सांगतो. त्याचं मांस खाण्याचा मान ब्राह्मणांचा, ही आणखी एक नोंद. मसऊदी म्हणतो की हिंदमधले मुसलमानही ते खातात, कारण ते त्याला गाई-म्हशींच्या जातीचं मानतात. आज कोण काय खातो यावरून माणसं माणसांच्या जिवावर उठतात, आणि इथे एकाच बिचाऱ्या जनावराभोवती दोन्ही पंगती बसलेल्या.

पण अल्बेरुनीची खरी कमाल पुढे आहे. अरबी ग्रंथांतला ‘करकदन’ म्हणजे हाच प्राणी असं तो धरून चालला होता. मग आफ्रिकेतल्या सुफालाला जाऊन आलेला एक माणूस त्याला भेटला. तिथल्या ज्या प्राण्याच्या शिंगापासून सुऱ्यांच्या मुठी करतात त्याला दोन शिंगं असतात, असं त्याने सांगितलं. एक बुटकं, बुडाशी रुंद, आणि त्याच्यापुढे दुसरं लांब. अल्बेरुनी आफ्रिकेला कधी गेला नाही. तरी त्याने दोन्ही वर्णनं शेजारी शेजारी ठेवली, कोणतं आपलं आणि कोणतं ऐकीव ते स्पष्ट केलं, आणि आपली आधीची समजूत हलवली. आफ्रिकेतला गेंडा आणि हिंदी गेंडा वेगळे आहेत, हे त्या पानावर वाचता येतं.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी काझीरंगाला गेलो ते अल्बेरुनीचं ते पान मोबाइलमध्ये घेऊन. कोहोराच्या बाजूने आमची जीप आत शिरली आणि पंधरा-वीस मिनिटांत उंच गवताच्या कडेला पहिला गेंडा दिसला. मी आधी डोळे शोधले. खरंच, जिथे असावेत असं वाटतं त्याच्या कितीतरी खाली, गालात. फोटोत हे इतकं जाणवत नाही. जनावराने मान वर केली, कान फिरवले आणि पुन्हा चरायला लागलं. मी वहीत ‘डोळे खाली, बरोबर’ असं लिहिलं. शेजारी बसलेल्या एका सद्‌गृहस्थांनी माझं नाव आधी विचारून घेतलं होतं. ते अगदी आपुलकीने म्हणाले, “तुमच्यातही प्राणी नुसते बघायला येतात, हे पाहून बरं वाटलं.” त्यातला ‘नुसते’ माझ्या कानात बराच वेळ राहिला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी म्हटलं, “येतात की, हजारेक वर्षांपासून.” त्यांना तो विनोद वाटला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. एका वाचनालयात मी या प्रवाशांवर बोललो, तेव्हा कार्यक्रम संपल्यावर आपल्यातलाच एक तरुण आला आणि म्हणाला, “सर, या सगळ्यांची यादी द्या. ग्रुपवर तोंडावर मारतो एकेकाच्या.” मी यादी दिली नाही. माणसांची पदकं करून छातीवर लावली की त्यांनी लिहिलेलं वाचायची गरज उरत नाही. आणि वाचलं, तर अभिमान वाटावा असं जितकं सापडतं तितकंच मान खाली घालावी असंही सापडतं.

इब्न बतूताचंच घ्या. सप्टेंबर १३३३मध्ये तो सिंधू नदीवर पोहोचला. नदी ओलांडून बोरूच्या रानात शिरताच गेंडा समोर आला. काळा, आडदांड, शरीराच्या मानाने डोकं प्रचंड. एक घोडेस्वार पुढे गेला. गेंड्याने त्याच्या घोड्याला शिंग मारलं, मांडी फाडली, त्याला खाली पाडलं आणि तो रानात निघून गेला. दुसऱ्यांदा त्याच वाटेवर, असरच्या नमाजनंतर, गेंडा चरताना दिसला. हे लोक त्याच्या दिशेने निघाले तसा तो पळाला. तिसऱ्यांदा इब्न बतूता सुलतान मुहम्मद बिन तुघलकाबरोबर होता. सगळे हत्तींवर बसून रानात शिरले, स्वारांनी आणि पायदळाने गेंड्याला हाकलून बाहेर काढलं, मारलं आणि त्याचं डोकं छावणीत आणलं.

तीन भेटी. पहिलीत गेंडा जिंकला, दुसरीत निसटला, तिसरीत डोकं छावणीत. लेखकाला यात काही सांगायचं आहे असं अजिबात नाही, तो फक्त घडलं ते घडलं तसं सांगतो. शिंगाची लांबी मात्र तो तीन हात सांगतो. ही ‘रिहला’ त्याने मोरोक्कोला परतल्यावर इब्न जुझयला तोंडी सांगितली आणि ती १३५५मध्ये पूर्ण झाली. मधल्या बावीस वर्षांत ते शिंग आठवणीत वाढत राहिलं असणार.

आपल्या दौलताबादेत त्याने पाहिलेला प्राणी यापेक्षा कितीतरी हलका. तिथल्या किल्ल्यात मांजरांपेक्षा मोठे उंदीर आहेत, मांजरं त्यांना पाहून पळतात, हे मी पाहिलं आणि थक्क झालो, असं तो लिहितो. मराठी वाचकाला हे कोडं सोडवायला वेळ लागत नाही. ही आपली घूस! पण तिथल्या अंधारकोठडीत राहिलेल्या मलिक खत्ताब अफगाणाने त्याला जे सांगितलं ते हसण्यासारखं नाही. रात्री या घुशी चावायला येत आणि तो त्यांच्याशी झुंजत राही. स्वप्नात झालेल्या आदेशाप्रमाणे त्याने सूरह इख्लासचा जप केला. शेजारच्या खड्ड्यातल्या कैद्याची बोटं आणि डोळे घुशींनी खाल्ले, तो मेला, तेव्हा कुठे सुलतानाने खत्ताबला बाहेर काढायला सांगितलं. इब्न बतूताच्या लिहिण्यात ‘मी पाहिलं’ कुठे संपतं आणि ‘खत्ताबने सांगितलं’ कुठे सुरू होतं, ते इथे लख्ख दिसतं. सरनदीपच्या माकडांबद्दलही तसंच. काळी, लांब शेपटीची, नरांना माणसांसारखी दाढी, हे त्याने पाहिलेलं. त्या माकडांचा एक सरदार असतो, तो डोक्याला पानांची पट्टी बांधतो आणि त्याच्यामागे काठ्या घेतलेली चार माकडं उभी राहतात, ही मात्र त्याला शेख उस्मान आणि इतरांनी सांगितलेली रिवायत.

आणि मग नायजर नदी. १३५३मध्ये मालीच्या राजधानीहून परतताना तो रात्रीच्या वेळी एका मोठ्या प्रवाहाजवळ आला. डासांमुळे तिथून माणसं रात्रीच जात. चांदणं होतं. काठावर सोळा प्रचंड जनावरं दिसली. त्या मुलखात हत्ती पुष्कळ, म्हणून त्याला ते हत्तीच वाटले. मग ती जनावरं पाण्यात उतरली. त्याने सोबतीला असलेल्या अबू बक्र बिन याकूबला विचारलं, हे काय आहे? अबू बक्र म्हणाला, हे पाण्यातले घोडे, चरायला वर आले होते. घोड्यापेक्षा धिप्पाड, आयाळ आणि शेपूट असलेले, डोकं घोड्यासारखं, पाय हत्तीसारखे, असं तो लिहितो. पाणघोड्याला आयाळ नसते. चांदण्यात आणि घोड्याच्या नावाने ती चिकटली असावी. पण सोळा हा आकडा बघा. ‘पुष्कळ’ नाही, ‘कळप’ नाही, सोळा. माणूस उभा राहून मोजत होता. पुढे तिंबक्तूहून नावेने जाताना ते पुन्हा दिसले, डोकं वर काढून फुत्कारत होते, आणि नावाडी घाबरून नाव काठाला घेत होते. तिथले लोक दोरी बांधलेल्या भाल्याने त्यांना मारतात, मांस खातात आणि हाडं किनाऱ्यावर पसरलेली असतात, हेही त्याने लिहून ठेवलं आहे.

गेंड्याकडे परत येऊ, कारण या सगळ्यांत त्याच्यावर सगळ्यात बारकाईने लिहिलं ते बाबराने. त्याआधी एक गोष्ट. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशाह याच्याकडून आलेला एक गेंडा गोव्याच्या पोर्तुगीजांनी जहाजातून लिस्बनला पाठवला. तो मे १५१५मध्ये तिथे पोहोचला आणि पुढे पोपला भेट म्हणून पाठवताना समुद्रात बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूरर याने तो गेंडा न पाहता, दुसऱ्याच्या रेखाटनावरून आणि वर्णनावरून त्याचं चित्र केलं. त्याने अंगावर लोखंडी चिलखताचे पत्रे चढवले आणि खांद्यावर एक जास्तीचं शिंग. पुढची दोनशेहून अधिक वर्षं युरोपात गेंडा म्हणजे तेच चित्र.

त्याच काळात बाबर सिंधूच्या काठावर खरा गेंडा पाहत होता. खांद्यावरच्या आणि मांडीवरच्या कातडीच्या घड्या लांबून अंगावर कापड टाकल्यासारख्या दिसतात, असं त्याने लिहिलं. काझीरंगात मला हे वाक्य आठवलं आणि पुढे कुठलाही गेंडा मला चिलखतात दिसला नाही, झुलीतच दिसला. शिंग एक वितीहून थोडं जास्त, दोन वितींचं मी कधी पाहिलं नाही. इब्न बतूताचे तीन हात इथे जमिनीवर येतात. गेंडा हत्तीला शिंगावर उचलतो अशी परमुलखात समजूत आहे, ती चुकीची दिसते. जोरकस धनुष्याचा बाण त्याच्या कातडीत तीन-चार बोटंच शिरतो. आणि सगळ्यात विलक्षण: हा प्राणी इतर कशाहीपेक्षा घोड्याशी जास्त जुळतो, पोटाच्या आकाराने आणि पायाच्या हाडाने. आजचं प्राणीशास्त्र गेंड्याला घोड्याच्याच गणात ठेवतं, विषम खुरांच्या. अल्बेरुनीने मोजलेले तीन खूर आणि बाबराने पाहिलेलं हाड, दोन्ही एकाच दिशेने बोट दाखवत होते.

पण ते हाड बाबराला दिसलं कसं? चिरल्याशिवाय हाड दिसत नाही. फेब्रुवारी १५१९ची स्वातीची शिकार त्याने स्वतःच लिहिली आहे. त्या जागेचं नावच कर्गखाना, गेंड्यांचं घर. जंगल दाट, गेंडे बाहेर येईनात. पिल्लाबरोबर असलेली एक मादी मोकळ्यावर येऊन पळाली, तिच्यावर बाणांचा वर्षाव झाला, ती जवळच्या झाडीत शिरली. मग झाडीला आग लावली. ती मादी सापडली नाही. दुसरं एक पिल्लू सापडलं, आगीने होरपळून तडफडत पडलेलं. त्याला मारलं आणि ज्याने त्याने आपला वाटा घेतला. बाबर हे एका ओळीत लिहितो, त्याच शांत हाताने ज्याने तो शिंग मोजतो. डिसेंबर १५२५मध्ये, पानिपतच्या चार महिने आधी, पेशावरजवळ पुन्हा शिकार झाली. हुमायूनने आणि इतर अनेकांनी तोवर गेंडा पाहिलेलाच नव्हता, त्यांना मोठी गंमत वाटली. गेंडा आणि हत्ती समोरासमोर आले तर काय होईल, हे कुतूहल बाबराला कधीपासूनचं होतं. त्या दिवशी माहुतांनी हत्ती पुढे आणले. गेंड्याने तोंड फिरवलं आणि तो दुसरीकडे पळाला.

पेशावर, हश्तनगर आणि सिंधूच्या काठच्या जंगलांत हा प्राणी विपुल आहे, अशी बाबराची नोंद. आज तिथे रानातला एकही गेंडा नाही. जंगलं शेतीत गेली आणि बाकीचं काम बाणांनी आणि पुढे बंदुकांनी केलं. गेंड्याचा जुना मुलूख नकाशावर आखणारे अभ्यासक बाबराचीच वाक्यं पुरावा म्हणून धरतात. मारणारा आणि गवाही देणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्यातला एक ठेवून दुसरा गाळायची सोय इतिहासात नाही. त्याचा पणतू जहांगीर याने तर हिशेबच ठेवला. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत त्याच्या समोर २८,५३२ जनावरं आणि पक्षी मारले गेले, त्यातले १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने. याच जहांगीरकडे १६२१मध्ये झेब्रा आला. लोकांना वाटलं कोणीतरी पट्टे रंगवलेत, म्हणून त्याने आधी खात्री करून घेतली आणि मग उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ड्यूररच्या गेंड्याशेजारी ते ठेवून पाहावं. झेब्रा पाहून काढलेला आहे, हे लगेच कळतं.

बाबराने एक प्राणी मात्र मारल्याचं लिहिलेलं नाही, नुसता पाहिला. हिंदुस्थानच्या नद्यांतल्या या प्राण्याला तो पाणडुक्कर म्हणतो, पण वर्णन वाचताच कळतं की तो गंगेतला डॉल्फिन आहे. तो पाण्यातून झटक्याने वर येतो, डोकं दिसतं न दिसतं तोच बुडी मारतो आणि शेपूट दिसत राहते. तोंड मगरीसारखं लांबट, तशाच दातांच्या ओळी, बाकी अंग माशासारखं. पाण्यात खेळताना तो मशकेसारखा दिसतो. सरू नदीतले तर खेळताना पाण्याबाहेर पूर्ण उडी घेतात. मशक म्हणजे भिश्त्याची पखाल. आमच्याकडे पखाली मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांनी भरलेली पखाल खांद्यावर वाहिलेली आहे. फुगलेली, ओली, काळसर, चकाकणारी. बिहारमध्ये भागलपूरला गंगेत मी डॉल्फिन पाहिला तेव्हा तोच आकार पाण्यावर आला आणि गेला. कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत पाणी पुन्हा सपाट. दोन तासांत नऊ वेळा पाठ दिसली. डॉल्फिन नऊ होते की एकच नऊ वेळा आला, हे मला सांगता येणार नाही, म्हणून वहीत ‘नऊ वेळा’ एवढंच लिहिलं आहे.

मोजणी करणाऱ्यांचीही हीच अडचण असते. ते नावेतून जातात, दोन्ही बाजूंना डोळे ठेवून बसतात आणि पाण्याखालचे आवाज टिपणारी यंत्रं सोडतात. देशातल्या नद्यांतल्या डॉल्फिनांच्या पहिल्या मोठ्या मोजणीचे आकडे मार्च २०२५मध्ये जाहीर झाले: ६,३२७. त्यातले ६,३२४ गंगेच्या जातीचे, म्हणजे बाबराने सरूत पाहिले ते. उरलेले ३ सिंधूच्या जातीचे, पंजाबात बियास नदीत.